दस्तीखालचा हात

मुंबईत एका गुंतवणूक बँकेच्या ट्रेडिंग फ्लोअरवर मी नऊ वर्षं सेल्समध्ये होतो. गावाकडे लोकांना वाटायचं, मी शेअर घेतो आणि विकतो. घेणारे-विकणारे ट्रेडर वेगळे, ते पलीकडच्या रांगेत बसायचे. आम्ही नुसते फोनवाले. मोठमोठ्या फंडांचे मॅनेजर ही आमची गिऱ्हाइकं. सकाळी साडेसातला मीटिंग, आठला दोन कानांना दोन फोन, आणि बाजार उघडायच्या आत प्रत्येकाला काहीतरी असं सांगायचं, जे दुसऱ्या बँकेच्या माणसानं त्याला अजून सांगितलेलं नाही. मग तो खूश होऊन त्या दिवसाची ऑर्डर आपल्याला देई. शेअर सगळ्यांकडे तोच, भावही तोच. फरक फक्त कोण काय सांगतो याचा. तेव्हा आम्ही खबर विकायचो, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या रांगेत बाकीच्यांची शिक्षणं परदेशातली होती, कुणाचे वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते. माझ्याकडे लातूर होतं. सुरुवातीची काही वर्षं ते मी झाकूनच ठेवलं. मग ओळीनं दोन वर्षं पाऊस पडला नाही आणि माझं नशीब उघडलं. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण घडलं ते असंच. ट्रॅक्टर करणाऱ्या कंपन्या, साबण आणि बिस्किटं करणाऱ्या कंपन्या, खेड्यापाड्यांत कर्जं देणाऱ्या कंपन्या, सगळ्यांची गिऱ्हाइकं आमच्या भागात होती. त्यामुळे आमच्याकडच्या विहिरींत किती पाणी आहे, हे मुंबईतल्या लोकांना अचानक महत्त्वाचं वाटू लागलं. साहेब मला ‘आमचा ग्रामीण विभाग’ म्हणायचे. मी हसायचो आणि मनातून फुगायचो.

ही सगळी खबर मला कोण द्यायचं, तर माझे वडील.

अप्पा लातूरच्या आडत बाजारात दलाल होते. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी ते बाजारात उतरले, आणि मीही त्याच वर्षी झालो. “जिल्हा, तू आन माझी दस्ती, तिघं एका वयाचे,” असं ते म्हणायचे. त्याआधी सरकारी कागद काढायचा म्हटलं तर उस्मानाबादची एसटी धरावी लागे. कचेऱ्या आल्या, गोदामं वाढली, डाळीच्या गिरण्या निघाल्या. अप्पा हे असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, जिल्हा करायचं काम यांनीच अंगावर घेतलं होतं.

दस्ती म्हणजे आमच्याकडे मोठा रुमाल. अप्पांच्या खांद्यावर ती कायम असे. ते घाम पुसत तिच्यानं, पण तिचं खरं काम वेगळं होतं. मालाचा ढीग समोर असला, की घेणारा व्यापारी पुढे यायचा, अप्पा हातावर दस्ती टाकायचे, व्यापारी तिच्याखाली हात घालायचा आणि अप्पांची बोटं धरून भाव सांगायचा. हजार किती ते दोघांना ठाऊकच असे. पहिल्यांदा धरलेली बोटं शेकड्यांची, दुसऱ्यांदा धरलेली दहांची. मग दुसरा व्यापारी येई, मग तिसरा. कुणी काय दिलं हे फक्त त्याला आणि अप्पांना माहीत. पुढे उघड लिलाव आले, पाटीवर भाव लिहायला लागले, तरी मोठा माल असला की जुनी माणसं अप्पांकडे बघायची आणि दस्ती खांद्यावरून खाली यायची.

ज्याच्या हातात सगळ्यांचे भाव, त्याला तोंड असून चालत नाही. अप्पांनी ही सवय घरातही आणली होती. “या माणसाला जेवलात का म्हणून इचारलं, तरी आधी इकडंतिकडं बघत्यात,” असं अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची. खरंच बघायचे.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला बोटांची भाषा शिकवली. पुढे मी शिकायला पुण्याला, मग नोकरीला मुंबईला गेलो. दर वेळी घरून निघताना बॅग उचलली, की ते दस्ती हातावर टाकायचे. मी हात घालायचो. ते त्या दिवसाचा तुरीचा भाव माझ्या बोटांवर दाबायचे. शिकली-सवरलेली दोन माणसं दारात उभी राहून हे करतात म्हणून बहीण हसायची. आशीर्वाद म्हणा, लाड म्हणा, आमच्यात तो एवढाच होता, आणि मला तो पुरायचा.

फ्लोअरवर जायच्या आधी, सातच्या सुमाराला, मी त्यांना रोज फोन करत असे. ते आंघोळ, लिंगपूजा आटोपून भस्म लावून माझ्या फोनची वाट बघत बसलेले असायचे. टँकर किती दिवसांनी आला, कुठल्या गावानं जनावरं विकायला काढली, शिरूर अनंतपाळकडं हरभरा कसा जळाला, धर्माबादच्या बाजारात मिरचीचं काय चाललंय. मला वाटायचं, मी वडिलांशी बोलतोय. अर्ध्या तासानं तेच मी मीटिंगमध्ये सांगायचो. तेव्हा मी काय करत होतो, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. दोन्ही करत होतो, बहुतेक.

उदगीरला आमचे एक मामा होते. सख्खे नव्हेत. अव्वा त्यांना राखी बांधायची म्हणून मामा. त्यांची डाळीची गिरणी होती आणि गिरणीची बरीचशी तूर तीसेक वर्षं अप्पांच्या हातून गेलेली. तुरीची डाळ करायची तर आधी तूर ओली करावी लागते, त्याला पाणी लागतं. मामांनी त्या वर्षी तीन ठिकाणी बोअर मारला, तिन्ही ठिकाणी धूळ निघाली. शेवटी त्यांनी गिरणी बंद करायचं ठरवलं. भाव तेव्हा चढा होता. गिरणीतली तूर त्याच भावात काढायची आणि त्या पैशातून पन्नासेक कामगारांना सहा महिन्यांचा पगार हातात द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. पण गिरणी बंद होतेय आणि सगळा माल बाहेर येतोय हे बाजाराला कळलं, तर घेणारे हात आखडणार. म्हणून तो माल थोडा थोडा, वेगवेगळ्या ढिगांनी, कुणाचा हे न कळता विकायचं काम त्यांनी अप्पांवर सोपवलं.

एका सकाळी फोनवर अप्पा म्हणाले, “उदगीरचा माल काढून राहिलो. सगळा. गिरणी बंद करायला लागले मामा.”

“सगळा?”

“हाव. आठ दिसांत होतंय. आज पहिला ढीग. लई वाईट वाटलं रे, कुणाला तरी सांगावं वाटलं. हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे.”

मी ‘हो अप्पा’ म्हणालो.

त्या दिवशी मीटिंगमध्ये तुरीवरूनच वाद चालला होता. खाद्यपदार्थांच्या एका कंपनीचे शेअर घ्यायचे की नाही, या विचारात आमचं एक मोठं गिऱ्हाईक होतं, आणि डाळ स्वस्त होणार की अजून महाग, यावर ते अडलं होतं. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ग्रामीण विभाग काय म्हणतो?”

मी विसरलो नव्हतो. लिहायचंच आहे तर हे लिहिलं पाहिजे. ‘तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे’ हे मला त्या क्षणी स्पष्ट आठवत होतं. पण माझ्या डोक्यात लातूर आणि तो फ्लोअर हे दोन वेगळे देश होते. इथे बोललेलं तिथे ऐकू जाईल, असं मला वाटलंच नाही. कुणाचं नाव न घेता मी म्हणालो, उदगीर भागातली एक मोठी गिरणी बंद होतेय, सगळा साठा बाजारात आणतेय, आठवड्यात भाव उतरेल. साहेबांनी टेबलावर थाप मारली. ते वाक्य सकाळच्या टिपणात गेलं आणि टिपण सगळ्या गिऱ्हाइकांना गेलं. त्या दिवशी मी विकलं तेवढं आधी कधी विकलं नव्हतं.

ते टिपण कुठल्या गिऱ्हाइकानं कुणाला पाठवलं, त्यानं पुढे कुणाला, मला माहीत नाही. दुपारपर्यंत ते इंग्रजीचं मराठी होऊन लातूरच्या व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर पोचलं होतं. उदगीरकडे तेवढी मोठी गिरणी कुणाची, हे तिथे कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सौद्याच्या वेळी अप्पांनी दस्ती टाकली. पहिला व्यापारी आला, त्यानं आदल्या दिवसापेक्षा खूपच खालचा भाव दाबला. अप्पांनी मान हलवली. दुसरा आला, त्यानंही तोच. तिसऱ्यानं हात घातलाच नाही. खिशातून मोबाइल काढून अप्पांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, “काका, आता झाकून काय करताव?” हे मला पुढे बाजारातल्या एका हमालानं सांगितलं. अप्पांनी कधीच सांगितलं नाही.

माल गेला, पण मिळेल त्या भावानं. कामगारांना सहाऐवजी दोन महिन्यांचा पगार मिळाला. गिरणीला कुलूप लागलं.

मी सुट्टी काढून लातूरला गेलो. काय बोलायचं हे गाडीत ठरवून ठेवलं होतं, तोंडपाठ केलं होतं म्हणा. बाजारात गेलो तेव्हा सौदा चालू होता. अप्पा आडत दुकानाच्या ओट्यावर पाय सोडून बसले होते, दस्ती खांद्यावर. समोरून माणसं जात होती, ‘शरणार्थी’ म्हणून नमस्कार करत होती, अप्पा हात जोडत होते. पण ढिगाकडे चला, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मी तासभर शेजारी बसलो. त्या तासात त्यांच्या दस्तीत एकही हात गेला नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, “अप्पा, ते माझ्याकडून गेलं. मी उद्या बाजारात सगळ्यांसमोर सांगतो. उदगीरला जाऊन मामांनाही सांगतो.”

“कशापायी?”

“लोक तुम्हाला बोल लावतायत.”

“कोण न्हाई लावत. मामा माझ्यावर भरोसा टाकून बसले होते, तुझ्यावर न्हाई. त्यांच्यापुरतं ते माझ्याकडून गेलं.” मग अजिबात न चिडता म्हणाले, “तुझंबी चुकलं न्हाई, बापू. तुझं पोट बोलण्यावर चालतंय, माझं न बोलण्यावर. तू तुझा धंदा केलास.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. या समजूतदारपणाला कुठे धरावं, ते मला कळेना.

दोन दिवसांनी निघालो. दारात बॅग उचलली आणि सवयीनं हात पुढे केला. अप्पांनी दस्ती खांद्यावरच सारखी केली आणि चारचौघांत बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, “तुरीचा भाव इचारतोस व्हय? पाटीवर लिहिलेला असतो. जाता जाता बघ.” मागे अव्वा उभी होती. ती आत निघून गेली. माझा हात तसाच पुढे राहिला, मग मी तो बॅगेच्या पट्ट्याला लावला.

मी उदगीरला गेलो नाही. अप्पांनी नको म्हटलं, हे कारण हाताशी होतं, आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. खरं सांगायचं तर मामांसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती. त्या वर्षी माझा बोनस आजवरचा सगळ्यात मोठा होता. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, उदाहरण त्या तुरीच्या टिपणाचंच दिलं.

उन्हाळ्यात लातूरची पाण्याची दशा सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. रेल्वेनं पाणी आलं. फ्लोअरवरचे लोक मला सहानुभूतीनं विचारायचे आणि त्याच दमात ट्रॅक्टरच्या शेअरचं विचारायचे. बहीण नांदेडजवळ विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिथे धरणाचं पाणीही तळाला गेलं होतं, पण नळाला येत तरी होतं. ती अप्पा-अव्वांना नांदेडला घेऊन गेली. अप्पा कुरकूर न करता गेले. चौतीस वर्षांत त्यांनी बाजार असा कधी सोडला नव्हता. या वेळी त्यांना सोडायला फार काही उरलं नसावं.

सातचा फोन मी चालू ठेवला होता. ते उचलायचे. “बरं हाय. पाऊस न्हाई. अव्वाचे गुडघे दुखून राहिले. ठेवू का?” सरकारी निवेदनात असतं तेवढंच ते मला सांगायचे. मी बाजाराचं काही विचारलं, की म्हणायचे, “आता आपल्याला काय मालूम.” वर्षानुवर्षं एकाच माणसाजवळ मोकळा होणारा माणूस, तोही बंद झाला. मी तो फोन ठेवून मीटिंगला जायचो. आता तिथे सांगायला माझ्याकडे काही नसायचं, आणि गंमत म्हणजे कुणाला त्याचं फारसं वाटलंही नाही. दुसऱ्या कुणाची तरी खबर चालायला लागली होती.

एकदा बहिणीचा फोन आला. “अप्पा रोज सकाळी ऑटो करून इथल्या धान्यबाजारात, मोंढ्यात जातात,” ती म्हणाली. “मी परवा मागनं गेले. लिलाव चालला होता, तिथं बाजूला नुसते उभे होते. कोण ओळखत नाही त्यांना तिथं. हातावर दस्ती घेऊन उभे.” मग ती रडायला लागली. तिला उदगीरचं काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, म्हाताऱ्याला घरात करमत नाही. मी तिला तसंच वाटू दिलं.

त्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. लातूरच्या नळांना पाणी आलं, आणि गणपतीनंतर अप्पा-अव्वांना परत न्यायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी जेवून अप्पा आडवे झाले आणि उठलेच नाहीत. बहिणीनं दवाखान्यात नेलं, पण ते नावालाच.

आम्ही त्यांना लातूरला आणलं. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून ठेवतात आणि बसलेल्या स्थितीतच मूठमाती देतात. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर भस्म, गळ्यात हार. अव्वानं धुतलेली दस्ती आणली आणि त्यांच्या मांडीवरच्या हातांवर पसरली. बाजार त्या दिवशी अर्धा बंद होता. व्यापारी आले, हमाल आले, मोबाइल दाखवणारा तो व्यापारीही आला. सगळे लांबून फुलं वाहत होते, पाया पडत होते आणि बाजूला होत होते.

मामा उशिरा आले. गिरणी बंद झाल्यापासून ते आमच्याकडे आले नव्हते. अंगानं निम्मे झाले होते. माणसं बाजूला सरली. ते अप्पांसमोर गुडघ्यावर बसले आणि सगळ्या बाजारादेखत त्यांनी दस्तीखाली हात घातला. कापड थोडं हललं. त्यांनी आधी एकदा बोटं धरली, मग थांबून दुसऱ्यांदा धरली. मग ते हातात हात तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिले. मी पाच फुटांवर उभा होतो आणि मला एवढंच दिसत होतं, की वर्षभरानं त्या दस्तीत कुणाचा तरी हात गेलाय.

मूठमाती झाल्यावर मामा लिंबाच्या झाडाखाली एकटे बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो.

“काय सांगितलंत अप्पांना?”

“ते आमच्या दोघांतलं हाय.”

मी होय म्हणालो. मग इतके महिने जे आत होतं, ते बाहेर आलं. “मामा, ती खबर माझ्याकडून गेली होती.”

“ठावं हाय.”

“अप्पांनी सांगितलं?”

“त्यानं कुठलं सांगतंय. भाव पडला त्याच्या दुसऱ्या दिशी पहाटच्या एसटीनं उदगीरला आला, माझ्याम्होरं बसला आन म्हणला, माझ्याकडून गेली. कशी गेली ते मी इचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई. चहाबी घेतला न्हाई.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तोही असता तर मला चाललं असतं.

“तीस वर्षं त्याच्या दस्तीत हात घातलाय मी, बापू. त्यो कुणापाशीच बोलत नव्हता. बोलायला त्याला तू एकटा होतास.”

त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला. मी त्यांना हात दिला. ते उठले, हात सोडवून घेतला आणि फाटकाकडे चालू लागले.